चौथ्या मितीतलं जनावर

सदर इसम प्रफुल मांढरे, वय बत्तीस, राहणार तालुका नागभीड, धंदा तलावात जाळं टाकणे. जोडीला पद: अध्यक्ष, तीन मितींपलीकडील काल्पनिक अस्तित्वांचे वर्गीकरण मंडळ. पदासाठी दुसरा अर्ज न आल्याने निवड बिनविरोध.

मंडळ म्हणजे मोबाइलवरचा एक गट. गोष्टींमधली अचाट पात्रं घ्यायची आणि भांडून भांडून वर्गात बसवायची. चित्रासारखं सपाट असेल ते दुसऱ्या मितीत, तुम्हीआम्ही तिसऱ्या. झाकण न उघडता डब्यातला लाडू काढेल तो चौथ्या. आणि ज्याला लांबी-रुंदीच लागू नाही, तो मितींपलीकडचा. या शेवटच्या वर्गाबाबत प्रफुल फार कडक. "लेखकानं म्हटलं म्हणून नाई. त्यानं केलं काय, ते सांगा!"

चैत्रातल्या त्या सकाळी अर्धं गाव मोहाची फुलं वेचायला जंगलात गेलं होतं. प्रफुल घरी चहा पीत एका नव्या पात्राचा निवाडा बोलून पाठवत होता. "याले भिंत अडवत नाई, कुंपण अडवत नाई. कोणत्या बाजूनं येते ते दिसत नाई. खाल्लेल्या माणसाईची गणती नाई."

संदेश मंडळाऐवजी गावाच्या वाघ-सूचना गटावर गेला.

चहा निवायच्या आत माणसं धापा टाकत परतली. "कुठी दिसला गा?" शेजारचा लच्छू ओरडला. प्रफुलने कबुलीसाठी तोंड उघडलं, आणि तेव्हाच त्याला दिसलं की सगळे आले, त्याची माय गुणाबाई नाही. ती मोबाइल बाळगत नव्हती.

वाघ नाही हे गावात एकट्या प्रफुलला ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त तोच घाबरला. त्याचा वाघ खोटा होता, पण जंगलातले खरे त्याला विचारून फिरत नव्हते. आणि खाली वाकलेली एकटी बाई त्यांना चार पायांची शिकार दिसते, हे या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. खरं सांगितलं तर लोक शिव्या देऊन घरी बसतील. त्याला आत्ता लोक हवे होते. "माय जंगलातच राह्यली!" तो ओरडला.

थाळ्या बडवत सगळे निघाले. गुणाबाई मोहाखाली गाठोड्यावर बसून तंबाखू मळत होती.

"काऊन रे, कोणाचं लगन हाये?"

प्रफुल तिच्याजवळ जाऊन बसला. मग हसला, मग डोळे पुसले, मग सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे वाघ नाईच?" लच्छू म्हणाला. "अन् मी बायकोले फरफटत नेलं! तिची चप्पल इथीच राह्यली!" पण म्हातारी धड होती, त्यामुळे शिव्यांना धार येईना. लोक हसायलाच लागले.

इथे प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं. कुंपण नसतं, पहारा नसतो, तरी दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. लच्छू आपल्या झाडाकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "माह्या झाडाखालचे फुलं कुठी गेले? मंघा तर सडा होता! कोणी येताना दिसलं नाई, जाताना नाई!"

अध्यक्षांना पदावर आल्यापासून पहिल्यांदाच प्रत्यक्ष पुरावा मिळाला होता. "चौथी मिती," प्रफुल गंभीरपणे म्हणाला.

"सारे पळाले," गुणाबाई म्हणाली, "मले वाटलं, फुलं टाकून गेले."

ती सकाळी एक टोपली घेऊन निघाली होती. मोह घरी आणायला चौघं लागले. त्यातला एक लच्छू होता.