थेटवाल्यांचा प्रोग्राम का उठला नाही

आमच्या लिनक्स मंडळात नवीन कुणी आलं की त्याला एक किस्सा हमखास ऐकवला जातो : भर सभेत थेटवाल्यांचा प्रोग्राम उठलाच नाही. सांगणारे हसतात, ऐकणारे हसतात आणि ज्याचा प्रोग्राम उठला नाही तो माझा मित्रही हसतो. इतकी वर्षं मीही हसत आलो. तो माझ्यामुळे उठला नव्हता, एवढंच सांगायचं राहून गेलं.

मंडळ म्हणजे निम्मे पेन्शनर आणि निम्मी आयटीतली पोरं. रविवारी सकाळी कोथरूडमधल्या एका क्लासच्या खोलीत, शाळकरी बाकांत गुडघे कोंबून आम्ही भांडतो. त्या वेळचा विषय होता, कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायचं कसं. गाणं वाजवणारा प्रोग्राम वेगळा, ते थांबवायचं बटण दुसऱ्याच प्रोग्रामात. निरोप तर पोचायला हवा. लिनक्स या आमच्या संगणकप्रणालीवर त्यासाठी डी-बस नावाचा मध्यस्थ असतो. सगळ्यांनी निरोप त्याच्याकडे द्यायचे, तो ज्याचे त्याला पोचवतो. मी त्याचा कट्टर भक्त. मित्र थेटवाला. त्याचं म्हणणं, मध्यस्थ हवाच कशाला? दोघांनी थेट जोडून घ्यावं, सॉकेटनं, म्हणजे दोघांपुरत्या खासगी दारानं.

"शेजारी वाटीभर साखर मागायला तू आधी वॉचमनला फोन करतोस का?" त्यानं विचारलं.

"नाही. पण शेजारी घर सोडून गेला असेल तर ते वॉचमनला माहीत असतं. तू बंद दारावर वाटी आपटत बसशील."

"आणि वॉचमनला झोप लागली की अख्खी सोसायटी फिका चहा पिणार."

आम्हाला दोघांनाही हे फार आवडायचं. घरी जाताना स्कूटरवरसुद्धा आम्ही मागे-पुढे बसून भांडायचो.

मंडळाचा एक रिवाज आहे. वादाचा निकाल प्रात्यक्षिकावर लागतो आणि हरलेल्यानं त्यानंतर जिंकलेल्याची बाजू मांडायची, तीही मनापासून.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मित्र चहा सांगायला खाली गेला. त्याचा लॅपटॉप उघडाच होता. मी हळूच त्याचा प्रोग्राम चालवून पाहिला. बटण दाबलं, गाणं थांबलं. माझ्या मध्यस्थापेक्षा चटकन थांबलं. एवढ्यात जिन्यात त्याच्या चपला वाजल्या आणि मी घाबरून प्रोग्राम जागच्या जागी मारून टाकला. असा मारला की त्याची सॉकेटची फाइल, म्हणजे त्याचा पत्ता, मागे राहते. भाडेकरू गेला, दारावरची पाटी तशीच. पुढचा येतो तो पाटी वाचून माघारी फिरतो.

सगळ्यांसमोर त्यानं प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर आलं, पत्ता आधीच वापरात आहे. पुन्हा केला, पुन्हा तेच. तो घामाघूम झाला. भर सभेत त्याला काही सुचेना. मला पहिल्या झटक्यात कळलं होतं. एक फाइल पुसायची होती. मी म्हणालो, "राहू दे, आज बिनसाखरेचाच घेऊ." खोलीत हशा पिकला आणि मी जिंकलो.

घरी त्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला, त्यात ती फाइल आपोआप पुसली गेली आणि प्रोग्राम सुरळीत चालला. त्यामुळे तो जास्तच हादरला. असल्या लहरी गोष्टीवर भरवसा कसला, म्हणून त्यानं ते काम सोडून दिलं आणि रिवाजाप्रमाणे माझी बाजू मांडायला लागला. माझ्याहून चांगली मांडायचा.

गेल्या रविवारी त्यानं जाहीर केलं, पुढच्या वेळी नव्या मुलांना 'मी कसा चुकलो' हे सांगणार. तो चुकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडईत मटार निवडत होतो. तिथेच मी सगळं सांगून टाकलं, जिन्यातल्या चपलांसकट. त्यानं हातातल्या शेंगा ढिगावर परत ठेवल्या.

"म्हणजे माझ्या कोडमध्ये काही चूक नव्हती?"

"तशी होती. सुरू होताना जुनी फाइल पुसून घ्यायला हवी होतीस."

"तू माफी मागायला आलायस की कोड तपासायला?"

मटारवाली म्हणाली, "आजोबा, घेणार आहात की नुसतंच चिवडणार?"

आणि तो हसायला लागला. मग मलाही आवरेना. मटार घेतले आणि रिक्षानं थेट त्याच्या घरी गेलो. जुना प्रोग्राम शोधून काढला. त्यानं बटण दाबलं, गाणं थांबलं. दाबलं, सुरू झालं. थांबलं. सुरू झालं.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावजी, हे आता जेवणापर्यंत तेच करणार. तुम्ही मटार तरी सोला."

मी सोलायला बसलो. "माफ केलंस का?" मी विचारलं.

"ते नंतर बघू. आधी रिवाज. तू हरलास."

तेव्हा येत्या रविवारी तो बोलणार नाही. मी बोलणार आहे. आधी घडलं ते सगळं, मग थेट जोडणीची बाजू, मनापासून. तयारी झकास चालली आहे. वॉचमनच्या झोपेवर तर इतकं सुचतंय की हे आधी का सुचलं नाही असं वाटतं. फक्त एक अडचण आहे. प्रात्यक्षिक मी माझ्या लॅपटॉपवर करायचं, तो खोलीत उघडा ठेवायचा आणि चहा सांगायला मीच खाली जायचं, असं त्यानं आत्ताच फोन करून बजावलंय.