चौदाव्या रिळाच्या आधी पंधरावं

आधीच सांगतो — भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. मानत असतो तर एव्हाना काहीतरी कारण चिकटवून मोकळा झालो असतो. मानत नाही, म्हणूनच गेले आठ महिने डोकं उठलंय.

सिनेमाचं वेड मला लहानपणापासूनचं. पाहिलेल्या प्रत्येक पिक्चरची नोंद ठेवतो — तारीख, ठिकाण, किती मिनिटांचा. आजवर बाराशे सात झाले. त्यातला सगळ्यात आवडता पाहिला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, दादा बारा. आमच्या वालूरला यात्रेत तंबूतली टॉकीज आली होती. आमची आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

तंबूत प्रोजेक्टर एकच. एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि ऑपरेटर पुढचं चढवायचा. त्या दिवशी त्यानं चौदाव्याच्या आधी पंधरावं चढवलं. पंधराव्यात नायकाची आई मरते. चौदाव्यात ती त्याला जेवायला वाढते. म्हणजे आम्ही तिला आधी मरताना पाहिलं आणि दहा मिनिटांनी चुलीपुढं भाकरी थापताना! तंबूत नुसत्या शिट्ट्या. दुसऱ्या दिवशी बिचाऱ्यानं चूक सुधारली, तर लोक उठून उभे राहिले... "कालच्यासारखा लाव." तिसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं परत उलटा लावला.

दहावीत असताना परभणीच्या थिएटरात मी तो सरळ पाहिला आणि दादाला सांगितलं, की ती मरते, उठत नाही, ऑपरेटर चुकला होता. दादा म्हणाला, "तू बघितलास तो दुसरा असंल." झालं. पस्तीस वर्षांहून जास्त आमचा हा एकच वाद. लग्नात, बारशात, शेतात — कुठंही.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मी परभणीहून दर रविवारी वालूरला जायचो. एकदा म्हणाला, "तो पिक्चर... दाखव की."

खरं लिहितो. त्याच्या इच्छेपेक्षा मला वाद मिटवायची घाई होती. पेन ड्राइव्हवर पिक्चर घेतला आणि शनिवारी घरी अख्खा तपासला. दोन तास अठ्ठावीस मिनिटं. आई मरते दोन तास बारा मिनिटांनी. आणि मेलेलीच राहते.

रविवारी वालूरला पोचल्यावर वहिनींना म्हटलं, "आज दादाला दाखवतोच कोण बरोबर ते."

"आजारी माणसाला हरवून काय मिळणार हाय तुमाला, भावजी?"

तरी लावला. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.

पाच तेराला आई मेली. मी घड्याळ पाहिलं — नऊ मिनिटं आधी. वाटलं, मोजण्यात चुकलो. दादाच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. मला बघवेना. "बंद करू का?" विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "उठती आता."

पाच तेवीसला ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

"माघारी फिरवलं का वो तुमी?" वहिनींनी विचारलं.

मी काहीही केलं नव्हतं. रिमोट टीव्हीखालच्या टेबलावर होता. पेन ड्राइव्हवर एकच फाईल. लाईट गेली नाही. आणि पिक्चर मागं गेला असता तर तेवढा लांबला असता ना? तो संपला बरोबर पाच अडतीसला. दोन तास अठ्ठावीस मिनिटं.

"बघितलंस?" दादा.

"बघितलं."

"मग... इतकी वर्षं डोकं कशाला खाल्लंस माजं?"

आणि हसला. तोंडाची एकच बाजू हलली. लगेच झोपलाही.

मी तिथंच परत लावला. या वेळी सरळ! इंजिनिअर भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, असं होत नसतंय." एवढं मलाही कळतं, त्याला इंजिनिअर कशाला लागतो?

कुणी म्हणेल, मला भास झाला. मग वहिनींनाही त्याच मिनिटाला झाला? कुणी म्हणेल, दादाची इच्छाशक्ती. हे ऐकलं की मी उठून जातो. ते उत्तर नव्हे. माझ्याकडं तेवढंही नाही.

त्यानंतर सातव्या आठवड्यात दादा गेला.

त्याच टीव्हीवर, त्याच पेन ड्राइव्हवरून, तीन दहालाच लावून मी तो पिक्चर अकरा वेळा पाहिलाय. आई दोन तास बारा मिनिटांनी मरते आणि उठत नाही. दर वेळी मीच बरोबर निघतो. आता हे सांगायचं कुणाला?