चार पिढ्यांच्या शेपट्या

बुकित पंजांगच्या आमच्या इमारतीतले एक बँकवाले मराठी शेजारी लिफ्टमध्ये भेटले की हवेत हात फिरवून गाड्यांच्या शेपट्या, म्हणजे मागच्या टोकांचे आकार, काढून दाखवायचे. त्यांच्याकडे उघड्या टपाची जुनी इटालियन स्पोर्ट्स कार होती आणि त्या मॉडेलच्या चारही पिढ्या त्यांना तोंडपाठ. "पहिलीची शेपटी होडीसारखी निमुळती. दुसरीची सुरीनं कापल्यासारखी. तिसरीला काळं रबर लावलं, लोक हसले. चौथीनं ते काढून टाकलं. आपली तिसरी." तोवर माझा मजला आलेला असायचा, पण ते दारात पाय रोवून उभे.

अशा जुन्या गाडीला या देशात वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर परवानगी मिळते. त्या वर्षीचा शेवटचा दिवस त्यांनी जुन्या गाड्यांच्या क्लबच्या रॅलीसाठी जपून ठेवला होता. नेमकं त्या सकाळी पुण्याहून आलेल्या माझ्या आईनं लिफ्टमध्ये हे शेपटीपुराण ऐकून विचारलं, "पण रबर का लावलं हो?"

त्यांनी तिला थेट गाडीत बसवलं आणि वुडलँड्सपर्यंत फिरवून दुपारी परत आणलं.

मी ओशाळून म्हणालो, "अहो, तुमची रॅली बुडाली."

"रॅलीत सगळ्यांना सगळं माहीत असतं," ते खुशीत म्हणाले. "काकूंनी मला दोनदा सांगायला लावलं."