माय थांबायची ती ओळ

प्रभूची प्रार्थना माय खणखणीत आवाजात म्हणायची आणि एका ओळीला गप्प बसायची. ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना आपण क्षमा केली आहे, असं देवाला सांगायचं असतं, ती ओळ. ती संपली की पुढच्या शब्दापासून पुन्हा तिचा आवाज सुरू व्हायचा. लहानपणी मला वाटायचं, तिला तिथे दम लागतो.

निजामाच्या राज्यातलं आमचं खेडं जालन्याहून टेंभुर्णीकडे जाताना लागायचं. मांगवाड्यात दोर वळणाऱ्यांची घरं, त्यांतली चारच ख्रिस्ती झालेली. रूथ, माझी धाकटी बहीण, दोन वर्षांची होऊन तापानं गेली. बा तिला नाल्याकाठी पुरायला निघाला, तर थोरला चुलता वाटेत आडवा उभा राहिला. "देव बदलला ना तुमी? मंग माती बी त्यालाच मागा," म्हणाला. बा थोरल्या भावापुढे मान खाली घालून उभा राहिला. त्या खाली घातलेल्या मानेचा मला अजून राग येतो.

मिशनचं कबरस्तान चार कोसांवर. मायनं रूथला कडेवर घेतलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि वर पदर घेतला. मी मागून चालत होते. वाटेत एका बाईनं आमच्या ओंजळीत वरून पाणी घातलं आणि विचारलं, "लेक झोपली का?" माय म्हणाली, "हां, झोपली." मढं आहे म्हटलं असतं तर त्या गावानं आम्हाला शिवेतून जाऊ दिलं नसतं. पण ते खोटं मायला फार लागलं. पुढे कुणी त्या ओळीबद्दल विचारलं की ती म्हणायची, "एक डाव खोटं बोलले, लेकीचं. आता देवापुढं बिलकुल न्हाई बोलनार."

जुन्या पाद्रीसाहेबांनी तिच्या थांबण्याकडे काणाडोळा केला. नवे आले ते नियमाचे पक्के. प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा तो प्रभुभोजनाचा पेला क्षमा न करणाऱ्याला मिळणार नाही, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. आमच्या चर्चमध्ये एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा होत्या. दोघी ती ओळ घडाघडा म्हणायच्या आणि पेल्याला तोंड लावून यायच्या. मायनंही ओठ हलवले असते तर कुणाला कळणार होतं? मी तसं सुचवलंही. ती म्हणाली, "त्याला कळंल ना." आणि पेला तिला हवा होता, हे मला ठाऊक आहे. तो तिच्यासमोरून पुढे जायचा तेव्हा ती पदराचं टोक मुठीत आवळून धरायची.

तरी दर शनिवारी ती लुगडं धुऊन वाळत घालायची आणि म्हणायची, "बघू, उद्या जमतंय का." रविवारी जमायचं नाही. नऊ वर्षं जमलं नाही.

मधल्या काळात चुलत्याचे डोळे गेले आणि सुनांनी त्याला छपरीत टाकला. माय त्याला रोज भाकरी नेऊन द्यायची, वर ठेचा आणि कांदा. एकदा मी बरोबर होते. त्यानं चाचपडत भाकरी घेतली आणि विचारलं, "तुझ्या देवाकडं माफी आसती म्हनत्यात. माझी झाली का?"

"त्याच्याकडून झाली आसंल," माय म्हणाली. "माझ्याकडून न्हाई झाली."

"मंग भाकर कामून आनती?"

"भुकेल्याला घाल म्हनलाय त्यो. तेवढं जमतं मला. खावा."

आंधळा म्हातारा भाकरी हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिला. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवत नाही. तो मेला तेव्हा त्याला नाल्याकाठीच पुरलं. मायनं जाऊन मूठभर माती टाकली. पुढच्या रविवारी सगळं चर्च तिच्याकडे बघत होतं. माय त्या ओळीला थांबली.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. पाद्रीसाहेब पेला घेऊन घरी आले. वाईट माणूस नव्हता तो, पण मला चांगलाही म्हणवत नाही. "बाई, एकदा म्हणा, मी लगेच देतो," ते म्हणाले. मायनं प्रार्थना सुरू केली. आवाज उरला नव्हता, तरी शब्द नीट येत होते. ती ओळ आली. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या बघू." साहेबांनी पेल्यावर रुमाल झाकला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी माय गेली. त्याच साहेबांनी कबरीपाशी उभं राहून, अशी विश्वासू बाई मंडळीत दुसरी नव्हती, असं सांगितलं.

लोक विचारतात, एवढं झाल्यावर तू चर्च सोडलं कसं नाहीस? सोडायला मायनं जागाच ठेवली नाही. जो देव खोटं चालवून घेत नाही असं ती मानायची, त्याच देवाला मी मानते. चुलत्याला मी केव्हाच क्षमा केली. त्या रुमालाला मला करता येत नाही. साहेब जाऊनही आता वर्षं झाली.

शनिवारी मी पातळ धुऊन वाळत घालते. रविवारी ती ओळ येते, आजूबाजूचे सगळे म्हणतात, मी थांबते. मग पेला येतो, तो मी शेजारणीच्या हातात देते. गेल्या रविवारीही जमलं नाही.