सॉफ्टवेअर ठरलं की करू

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. गिऱ्हाईक लग्नाचा व्हिडिओ घेऊन जातं आणि त्या व्हिडिओमागची भांडणं आमच्याकडं ठेवून जातं. हार्ड डिस्क भरली की पुसता येते. डोकं कसं पुसणार? म्हणून अधूनमधून कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचं.

राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. मालक आण्णा, मूळचे शिरोळचे. शूटिंग आण्णांचं, एडिटिंग सुनीताचं आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खायचं काम माझं. आण्णांच्या हाताची ख्याती अशी, की कॅमेरा खांद्यावर घेतला की स्टँडनं लाजावं. वरातीत घोडा उधळला, बँडवाले पळाले, तरी चित्र तसूभर हललं नव्हतं.

त्याच हातानं त्यांनी स्वतःच्या मुलीचं, पूजाचं लग्न शूट केलं. दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायला तयारच नव्हते. कन्यादानाला धाकटा भाऊ आणि भावजय बसवली, आणि हे समोर गुडघ्यावर बसून त्यांचा क्लोज-अप घेतायत!

त्या लग्नाचा व्हिडिओ मात्र काही होईना. पूजाची मुलगी बालवाडीत जायला लागली, तरी नाही. पूजा फोनवर विचारायची, आण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, जेवताना विचारायच्या. आण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "सॉफ्टवेअर ठरलं की करू."

*

झालं होतं असं, की जुना कॉम्प्युटर गेला आणि त्याच्याबरोबर जुनं सॉफ्टवेअरही गेलं. नव्या मशीनवर ते चालेना. मग निवड सुरू झाली.

बाकीचे लोक सॉफ्टवेअर कसं निवडतात मला माहीत नाही. आण्णांनी म्हैस निवडावी तसं निवडायला घेतलं. आधी दारात बांधून बघायची, मग बोलायचं. ट्रायलवर आणलेल्या प्रत्येकाला त्यांनी नावं ठेवली. मोबाईलवरचं एक होतं, ते रेडकू. एक दर महिन्याला पैसे मागायचं, ते घरजावई. आणि एक फुकटचं, पण इतकं जड की सुरू केल्यावर मशीनचा पंखा ऐकून खालचा बेकरीवाला वर यायचा. "आण्णा, पिठाची गिरणी टाकली काय?" ती मुऱ्हा म्हैस.

एका मोठ्या लग्नाचं काम मुऱ्हावर घेतलं. आहेर चाललेला, नवऱ्याच्या मामांनी पेढा खायला तोंड उघडलं, आणि तिथंच स्क्रीन अडकली. काही केल्या हलेना. मामा तसेच तोंड उघडून.

तेवढ्यात जिन्यावरून खुद्द मामाच आले, व्हिडिओ कुठवर आलाय ते बघायला. स्क्रीनपुढं वाकून स्वतःचं उघडं तोंड नीट बघून घेतलं.

"आल्या-गेल्याला दाखवायला माझाच फोटो लावून ठेवलाय व्हय?" म्हणाले, आणि सगळ्यांना चहा सांगितला. जाताना बजावलं, "काढू नका बरं का."

संध्याकाळपर्यंत मशीन बंद करायची आमची हिंमत झाली नाही.

*

इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांच्या घरचं लग्न घरजावयावर केलं. पैसे भरलेले नव्हते, त्यामुळं सॉफ्टवेअर कंपनीचं नाव नवरा-नवरीच्या तोंडावरून तिरकं आरपार गेलेलं. सुनीता म्हणाली, "हे घेऊन जाऊ नका." मी नेलं, नुसता नमुना म्हणून.

यजमान स्क्रीनजवळ जाऊन ते नाव वाचायला लागले. मी घाईघाईनं म्हटलं, "ते नाव जाईल. आम्ही पैसे भरले की जाईल."

"जाईल? कशाला जाईल?" त्यांनी मला बाजूला घेतलं. "चुलतभावाच्या पोरीच्या व्हिडिओत असंच नाव आलतं, पर बारकं. आमचं मोठं हाय. हाय तसं ऱ्हाऊ दे. जमलं तर लाल करा."

सुनीतानं त्याच्यावर लाल अक्षरांत तेच नाव पुन्हा टाकलं. यजमानांनी तो व्हिडिओ पहिल्यांदा चुलतभावाकडं पाठवला.

*

एडिटिंग म्हणजे कापणं, असं सुनीता पुण्याच्या एका कोर्समध्ये शिकून आलेली. आमच्याकडं कापणं म्हणजे अपमान. आहेराच्या रांगेतला एक माणूस गळला तरी दोन घरांचं जाणं-येणं बंद होतं. त्यामुळं कुठलंही सॉफ्टवेअर आलं की आण्णा आधी विचारायचे, "ह्यात न कापता येतंय का?"

नेसरीच्या एका नवरदेवाला मात्र चार मिनिटांचा, सिनेमात असतो तसला व्हिडिओ हवा होता. सुनीता खूश. रेडकू घेतलं आणि तिनं सुंदर काम केलं. नवरीचे डोळे, हळदीचे हात, दिवे. बघायला नवरदेवाचे वडील आले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग मानसं कुठं गेली? सगळी जेवून गेलीत की. ह्यात एक बी दिसंना."

बाप सगळी माणसं घातल्याशिवाय ऐकेना आणि मुलगा चार मिनिटांपुढं जाईना. शेवटी वैतागून सुनीतानं सबंध लग्न घेतलं आणि वेग वाढवत नेला, अख्खं चार मिनिटांत बसेपर्यंत. सगळं गाव मुंग्यांसारखं मांडवात शिरलं, अक्षता टाकल्या, जेवलं आणि बाहेर पडलं. भटजी तर नुसते थरथरत होते. ती हे चिडून दाखवत होती. वडील मात्र स्क्रीनला नाक लावून बसले. "त्यो शिवा गेला. ती आक्का. ह्यो गणपा, दोनदा जेवलाय बघा." एक माणूस सुटला नाही त्यांच्या नजरेतून.

"झकास झालंय," म्हणाले. "फकस्त पंगत जरा हळू घ्या. मानसं जेवायला लागलीत, त्यांना घाई कशाला?"

*

मग एक नवं आलं, चित्रातला माणूस पुसून टाकणारं. ही बातमी कशी पसरली कुणास ठाऊक, पण भावकीत बिनसलेली सगळी मंडळी आमच्या जिन्यात दिसायला लागली.

एकांचा थोरल्या मेहुण्यांशी बांधावरून वाद झालेला. "त्याला काढा." सुनीतानं मेहुणे निवडले, बटण दाबलं, मेहुणे गेले. पण सॉफ्टवेअरला फेटा कळला नाही. मेहुण्यांचा भगवा फेटा नवऱ्यामागं तसाच हवेत राहिला आणि कार्यक्रमभर मांडवात हिंडला. आहेराच्या वेळी तो वाकून नमस्कारही करून गेला.

"फेटाही काढते," सुनीता म्हणाली.

"फेटा कशाला काढतीस?" ते चिडले. "फेट्याचे पैसे आमचे हुते. त्यो ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. आण्णा तेवढे हसले नाहीत. खुर्ची ओढून सुनीताशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "काढता येतंय न्हवं? मग मागनं घालता येतंय का?"

मला तेव्हा कुठं उलगडलं. पूजाच्या लग्नातलं सगळं शूटिंग होतं. हळद होती, सप्तपदी होती, अगदी शिरोळचा पोस्टमनही जेवताना होता. फक्त नवरीचा बाप एकाही चित्रात नव्हता. इतकी वर्षं ह्यांचं सॉफ्टवेअर ठरत नव्हतं, ते काही कॉम्प्युटरमुळं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि आधी हसलो त्याची लाजही वाटली.

*

माणूस घालणारं सॉफ्टवेअरही मिळालं. "फोटो द्या, बाकी एआय करतो," असं कंपनीच्या मुलानं फोनवर छातीठोक सांगितलं. आण्णांकडं स्वतःचा फोटो एकच, लायसन्सचा. जन्मभर दुसऱ्यांचे काढले.

सॉफ्टवेअरनं आण्णांना मांडवात उभं केलं. उंची बरोबर, मिशी बरोबर. पण मांडवात मधोमध उभ्या असलेल्या पुरुषाला मुंडावळ्या असतात, असा त्याचा समज झालेला. आण्णांना मुंडावळ्या, गळ्यात हार, आणि लायसन्सच्या फोटोतला तोच घाबरलेला चेहरा.

काकूंनी चष्मा लावून पाहिलं. "पोरीच्या लग्नात बोहल्यावर चढायचं तेवढं राह्यलं हुतं तुमचं," म्हणाल्या आणि स्वयंपाकाला निघून गेल्या.

*

दिवाळीला पूजा माहेरी आली आणि स्टुडिओत येऊन बसली. "ह्या वेळी व्हिडिओ घेतल्याशिवाय जायची नाही, आण्णा." मांडीवर मुलगी. शेजारी काकू.

त्या वेळी ट्रायलवर एक सॉफ्टवेअर होतं, हललेलं चित्र सरळ करणारं. सुनीतानं पूजाचं सगळं लग्न आधीच त्यातून काढून ठेवलं होतं, ते आता लावलं. पूजाची मुलगी एकेकाला ओळखत होती. ही आज्जी, हे काका, ही मम्मी. मधूनमधून विचारायची, "आजोबा कुठायत?" आण्णा मागं उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

पाठवणी आली. पूजा गाडीत बसली, दार लागलं, सगळं कसं गुळगुळीत. आण्णा एकदम पुढं आले. "बघितलंसा? हितं चित्र लई हाललं हुतं. एका बटणात सरळ! हेच सॉफ्टवेअर घ्यायचं, ठरलं आता."

"तुमचं चित्र हललं होतं?" पूजानं विचारलं.

आण्णा पुन्हा कॅलेंडरकडं वळले.

"सुनीता, आधीचं लाव की जरा."

सुनीतानं मूळचं लावलं. पूजा गाडीकडं वळली, मागं बघून रडली, आणि चित्र डगमगायला लागलं. मग तिच्यावरून सुटलं, खाली घसरलं आणि गाडीच्या चाकावर येऊन थांबलं. चाकाखाली लिंबू. गाडी निघेपर्यंत नुसतं चाक आणि लिंबू, आणि दोन्ही थडथड हलतायत.

"आजोबा कुठायत?" मुलीनं पुन्हा विचारलं.

पूजानं तिचं बोट धरलं आणि स्क्रीनवर त्या हलणाऱ्या चाकावर टेकवलं.

"हे बघ. हे आजोबा."