टाचणी चिकटेना!

मंडळी, आज मोहालीच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. डोकं अजून तापलेलंच आहे.

पहिलं बक्षीस आधीच ठरलेलं. ते मिळणार होतं बाजारातून आणलेल्या एका खेळण्याला: नळी हलवली की आतलं चुंबक तारेच्या वेटोळ्यातून ये-जा करतं, वीज तयार होते, दिवा लागतो. मी सवयीने नळीला टाचणी लावली. चिकटेना! चुंबक कसलं, साधा लोखंडाचा तुकडा. तळ उघडला, तर आत दोन बटण-सेल आरामात बसलेले.

प्रिन्सिपॉलबाई गोड हसल्या. "सर, बच्चों को क्या पता चलता है!"

धन्य ती शाळा.

हेच खेळणं मी पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात इथे चंडीगढमध्ये स्वतः बनवलं होतं. तेव्हा बेवारस रेडिओ, खेळणी दिसली तरी आत बॉम्ब असेल म्हणून लोक लांब पळायचे. मी ते वर्गात दाखवायला पिशवीत घालून बसने निघालो आणि खरड गावच्या नाक्यावर पोलिसांना तारा दिसल्या. हवालदाराने बंदूक रोखून खाली उतरवलं. "खोल के दिखा, मास्टर."

मी सगळं उघडलं. त्याने वेटोळं निरखलं, नळी स्वतः हलवली. दिवा लागला तसा गुरकावला, "सेल कित्थे ऐ?" सेल नाहीच, हे पटेपर्यंत त्याने मला सोडलं नाही.

आज हॉलभर डिग्र्या बसल्या होत्या. त्या हवालदाराला पडलेला 'सेल कुठे आहे?' हा प्रश्न त्यांतल्या एकीलाही पडला नाही.

तुमच्या मुलांच्या शाळेत तरी कुणाला पडतो का हो?