चालत्या जहाजातून उतरलेला माणूस

आईला घेऊन मी मुंबईहून क्रूझवर गेले, तेव्हा दोघींचाही तो पहिलाच समुद्रप्रवास होता. मी बुटीबोरीच्या एका सूत कारखान्यात कामाला आहे. रोज कंटेनर भरून बंदराकडे रवाना करते, पण बंदर मात्र कधी पाहिलं नव्हतं.

जहाज सुटलं तशा आम्ही डेकच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिलो. बंदर बरंच मागे पडल्यावर एक छोटी बोट आमच्या जहाजाला येऊन बिलगली. जहाजाच्या कुशीतलं एक दार उघडलं, दोराची शिडी खाली सुटली आणि एक माणूस तिच्यावरून उतरू लागला.

"अवं, चालत्या जहाजातून हा काहून उतरून राहिला?" आईने माझा हात गच्च धरला.

शेजारच्या खलाशाने हसून सांगितलं, की हा बंदराचा पायलट. इथल्या पाण्यातली वाट त्याला ठाऊक, म्हणून जहाज सुखरूप बाहेर काढून देणं त्याचं काम. आता तो दुसरं जहाज आत नेईल.

बोट लाटांवर वर-खाली होत होती. नेमका क्षण साधून त्याने पाय टाकला.

"उतरला वं, उतरला!" आई टाळ्या वाजवत ओरडली.

बोट तशीच समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाकडे धावली. त्याच्यावर कंटेनरचे मजलेच्या मजले होते, मी भरते तसलेच. तो माणूस पुन्हा शिडीवर दिसला, आता वर चढताना. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. तो वर पोहोचला तेव्हा मीही आईच्या बरोबरीने ओरडले.